जावक क्रमांक ४१७

३ मार्च

बबडे,

आशीर्वाद, आणि दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. आत्याचं हाताने लिहिलेलं पत्र, तेही ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे काहीतरी वाईट असणार असं तुला वाटलं असेल. वाईट एवढंच, की आमच्या वाचनालयाचं मशीन मेल पाठवत नाही.

म्हणजे पाठवलं असं ते म्हणतं. मी लिहिते, बटण दाबते, 'पाठवले' अशी हिरवी अक्षरं येतात, मी जावक नोंदवहीत क्रमांक टाकते आणि पुढच्या कामाला लागते. पण आमचे नवे चिटणीस भारी चौकस. त्यांनी पाच सभासदांना फोन करून विचारलं, पुस्तक परत करण्याची सूचना मिळाली का? पाचही जण म्हणाले, कसली सूचना? लोक सूचना वाचत नाहीत ही माझी तीस वर्षांची तक्रार, त्यामुळे मी कधी खोलात शिरले नव्हते. चिटणिसांनी मात्र चारचौघांत विचारलं, "बाई, तुम्ही नक्की पाठवता ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नोंदवही काढून त्यांच्यापुढे आपटली. क्रमांक, तारीख, कुणाला, कशाबद्दल, सही. एका ओळीत खाडाखोड नाही. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "वही सुंदर आहे हो. पण मेल कुठाय?"

एकतीस तारखेला मी निवृत्त होतेय. तोवर हे चालू झालं नाही तर मशीन भंगारात जाणार आणि त्याच्याबरोबर माझं नावही. बाई नुसतीच वही भरत होत्या, असं माझ्या पाठीमागे कुणी म्हणायला नको. तू दिवसभर याच मशीनांमध्ये असतेस, म्हणून तुला लिहिते आहे. फोन करत नाही, कारण फोनवर मी तुला "हो, हो, कळलं" म्हणेन आणि ठेवल्याबरोबर सगळं कोरं. कागदावर असलं की बोट ठेवून ओळीओळीने करता येतं. तू मात्र मेलच कर. येणारी मेल इथे व्यवस्थित येते, जाणारीचंच रडगाणं आहे.

दादाला यातलं काही सांगू नकोस. माझं नाव निघालं की त्याच्या कपाळावर पडणारी आठी मला इथे बसून दिसते. त्याची तब्येत कशी आहे?

तुझी,
आत्या

---

६ मार्च

प्रिय आत्या,

दचकले होते, खोटं कशाला बोलू. पाकीट पर्समध्ये टाकून आधी जिन्यात जाऊन उभी राहिले आणि मग उघडलं.

आता नीट ऐक. तुझं मशीन स्वतः दारोदार हिंडत नाही. ते मेल गोळा करून एका कंपनीच्या मोठ्या मशीनला नेऊन देतं, आणि पुढचं वाटप ती कंपनी बघते. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचं तर ते पेटीतली पत्रं काढून मुख्य पोस्टात नेणारा माणूस आहे. मुख्य पोस्टाचा पत्ता बदलला, खिडकीचा नंबर बदलला किंवा त्याचं ओळखपत्र चाललं नाही, की तो पिशवी घेऊन दारातच उभा. 'पाठवले' या हिरव्या अक्षरांचा अर्थ एवढाच, की त्याने तुझ्या हातून पत्र घेतलं. ते पोचलं असा नव्हे.

सर्व्हरच्या, म्हणजे त्या मशीनच्या, पडद्यावर 'सेटिंग'मध्ये जा, तिथे 'जाणारी मेल' असं पान आहे. त्यावर पाच चौकोन असतील. प्रत्येकात काय लिहिलंय ते मला जसंच्या तसं कळव. सगळ्यात खाली 'चाचणी मेल पाठवा' असं बटण आहे, ते दाबून काय उत्तर येतं तेही लिही. बाकी कशाला हात लावू नकोस.

बाबा बरे आहेत. सकाळी पाऊण तास चालतात. येताना बिल्डिंगमधल्या सगळ्या पत्रपेट्या तपासतात आणि चुकीच्या पेटीतलं पाकीट बरोबर पेटीत टाकतात. पोस्टातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण चौतीस वर्षं पत्रं निवडलेला हात काही थांबत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा त्यांना चोर समजून हटकलं होतं.

तुझं नाव ते काढत नाहीत, हे खरं आहे. त्यामुळे मीही काढत नाही.

तुझी,
बबडी

---

८ मार्च

बबडे,

तुझी मेल छापली, आवक क्रमांक ११२ टाकला आणि फाइलला लावली. दादाला चोर म्हणून हटकलं, ही माहिती आता वाचनालयाच्या दप्तरात कायमची जमा आहे.

सर्व्हर जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत, लोखंडी कपाटात असतो. मी स्टूल ओढून बसले आणि चष्मा कपाळावर चढवून सगळं उतरवून घेतलं. पहिल्या चौकोनात कंपनीच्या मशीनचं नाव आहे, ते सोबतच्या चिठ्ठीवर टिंबाटिंबासकट लिहिलंय. दुसऱ्यात पोर्ट, पंचवीस. तिसऱ्यात वाचनालयाचा पत्ता. चौथ्यात पासवर्ड, पण तिथे नुसतेच ठिपके. मोजले, आठ आहेत. पाचव्यात 'सुरक्षित जोडणी' आणि त्यापुढे 'नाही'. मग चाचणीचं बटण दाबलं. दोन मिनिटं विचार केल्यासारखं करून मशीन म्हणालं, 'पलीकडून उत्तर नाही.'

ते वाचून मला हसूच आलं. पलीकडून उत्तर नाही हे मला काही नवीन नाही. तुझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याला लिहिलं होतं. तुझ्या मावशीजवळ बोलले होते, तिने तुमच्या कानावर घातलंच असेल. आई गेल्यावर दवाखान्याच्या जिन्यात मी त्याला जे बोलले ते तू ऐकलंस. "माझ्या घरातून आईला नेलंस आणि मला ती परत दिली नाहीस." असं बोलायला नको होतं. आईला चांगले उपचार मिळावेत म्हणूनच त्याने नेलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानंतर पाच महिने मी मूग गिळून बसले, आणि त्याची छाती उघडणार म्हटल्यावर मात्र राहवलं नाही. लिहिलं. साडेतीन वर्षं झाली त्याला. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस निदान 'पोचलं' एवढं तरी कळवेल असं वाटलं होतं. असो. तो मोठा, त्याचा राग मोठा.

छातीवरची शिवण थंडीत ओढते का ते विचार. माझं नाव न घेता.

आत्या

---

११ मार्च

प्रिय आत्या,

सापडलं! तुझी चिठ्ठी बघता बघता सापडलं. त्या कंपनीने आपल्या मशीनचं नाव बदललं आणि पंचवीस नंबरचं पोर्ट, म्हणजे ती खिडकी, कायमचं बंद केलं, तेही साडेतीन वर्षांपूर्वी, एक सप्टेंबरला. तेव्हा त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना मेलने कळवलं होतं. ती मेल तुझ्याकडेही आली असणार, आणि मला तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे सांगते, तू ती छापून, आवक क्रमांक टाकून फाइलला लावली असशील.

म्हणजे त्या एक सप्टेंबरपासून तुमच्या मशीनवरून एकही मेल बाहेर गेलेली नाही. एकही नाही. साधारणपणे मशीन पाच दिवस प्रयत्न करतं आणि मग 'गेली नाही' म्हणून मेल परत करतं. पण बसवणाऱ्याने तुमच्या मशीनला परत करायची मुदतच घातलेली नाही. त्यामुळे ते बिचारं आजही दर पंधरा मिनिटांनी दार ठोठावतंय. 'रांग' नावाच्या पानावर सगळ्या मेल दिसतील.

आता क्रम महत्त्वाचा. आधी रांगेच्या पानावर 'सर्व पुसा' कर. त्यानंतरच नवीन सेटिंग घाल: सोबत दिलेलं नवं नाव, पोर्ट ५८७, सुरक्षित जोडणी 'हो', आणि कंपनीकडून मागवलेला नवा पासवर्ड. उलटं केलंस तर साडेतीन वर्षांच्या सगळ्या सूचना एकदम बाहेर पडतील आणि सभासद तुला धारेवर धरतील.

बाबांना लिहिल्याचं म्हणतेस. आत्या, मावशीने सांगितलं होतं. तेव्हा बाबांच्या छातीला पट्टा होता, तरी ते स्वतः पोस्टात गेले. जुन्या सहकाऱ्यांना दोन आठवड्यांच्या पिशव्यांची चौकशी करायला लावली. काही नव्हतं. घरी येऊन म्हणाले, "तिने लिहिलं असतं तर पोचलं असतं." मी तुम्हा दोघांमध्ये पडत नाही. पण कधीकधी लिहायचं मनात असतं, मनातल्या मनात आपण लिहूनही टाकतो, आणि नंतर लिहिलं होतं असंच वाटत राहतं. होतं असं. त्यात काही मोठं नाही.

शिवण ओढत नाही म्हणाले. "कुणी विचारलं?" असंही म्हणाले.

बबडी

---

२० मार्च

प्रिय आत्या,

नऊ दिवस झाले, तुझी ना चिठ्ठी ना चपाटी. मी काही लागेल असं लिहिलं का? शेवटचा परिच्छेद आगाऊपणाचा होता हे मला पाठवल्यावर कळलं.

इकडे एक गोष्ट झाली. तुझं दुसरं पत्र पर्समधून काढून मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. येऊन बघते तर बाबा पाकीट हातात घेऊन उभे. आतलं पत्र काढलेलं नव्हतं, ते कुणाचं पत्र काढायचे नाहीत. नुसतं पत्त्याचं अक्षर बघत होते. मला बघून त्यांनी पाकीट उलटं करून खाली ठेवलं आणि म्हणाले, "दोन दिवसांत आलं. म्हणजे तिकडचं पोस्ट चालू आहे." भाजी मात्र अर्धी टाकली.

तुझी निवृत्ती अकरा दिवसांवर आली, म्हणून मी न राहवून आज चिटणिसांना फोन केला. फारच सज्जन आहेत. त्यांना सगळं समजावलं. शुक्रवारी, अठ्ठावीसला, ते स्वतः रांग पुसून नवी सेटिंग घालतील. तुला कपाटाकडे फिरकायचीही गरज नाही. आता निवांत हो.

बबडी

---

२२ मार्च

बबडे,

चिटणीस आज दुपारीच कपाट बघायला आले होते. मी त्यांना सांगितलं की किल्ली हरवली. ती माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली आहे. तीस वर्षांच्या नोकरीतलं हे माझं पहिलं खोटं, आणि तू म्हणतेस त्या मनातल्या मनात लिहिण्याचं म्हणशील तर ते मला जमत नाही. मी लिहिते तेव्हा लिहिते.

तुझी अकरा तारखेची मेल वाचल्यावर आधी मी आवक फाइल काढली. कंपनीची सूचना क्रमांक २८८ ला आहे, व्यवस्थित भोकं पाडून लावलेली. न वाचलेली. मग त्याच वर्षाची जावक नोंदवही काढली. १८ सप्टेंबर, क्रमांक ४१७. 'कुणाला' या रकान्यात 'दादा'. 'कशाबद्दल' या रकान्यात 'खासगी'. पुढे माझी सही.

कळलं का? पत्र पोस्टात नव्हतंच. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, पोस्टाने वेळेत कसं पोचणार? फोन करायची हिंमत नव्हती. माझा आवाज फुटला असता आणि त्याला ऑपरेशनच्या आदल्या रात्री माझं रडणं ऐकावं लागलं असतं. तू त्या आठवड्यात तपासण्यांचे कागद यावेत म्हणून त्याला मेलचं खातं काढून दिलं होतंस आणि मला फोनवर तो पत्ता सांगितला होतास. मी सगळे सभासद गेल्यावर काउंटरवर बसून लिहिलं, बटण दाबलं, हिरवी अक्षरं आली. जावक क्रमांक टाकला. बबडे, माझ्या लेखी जावक क्रमांक पडला म्हणजे पत्र गेलं. ते जाऊन पोचलं का, हे विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही.

मी स्टुलावर बसून रांग पाहिली. एक हजार नऊशे बारा मेल आहेत, आणि सुरुवातीलाच, सतराव्या जागी, ती आहे. तिच्यापुढे लिहिलंय, 'प्रयत्न चालू'. मी तिथे बसून किती वेळ रडले ते विचारू नकोस. मी त्याला दगड म्हणत होते. मावशीजवळ, शेजारणीजवळ, आरशाजवळ. आणि त्याच्याकडे काही पोचलेलंच नव्हतं.

त्यात काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही, ते त्याचं आहे. पण आता ते पाठवावं का? एवढ्या वर्षांनी? तो म्हणेल, बाईने आता बसून लिहिलं आणि जुनी तारीख घातली. मला खोटं ठरवायची त्याला सवय झाली आहे. ते पुन्हा सोसायची माझ्यात ताकद नाही. पुसून टाकावं म्हणून तीनदा बटणापर्यंत बोट नेलं. बोट पुढे जात नाही.

काय करू ते सांग. लवकर सांग. चिटणीस शुक्रवारी कुलूपवाल्याला आणायचं म्हणतायत.

आत्या

---

२५ मार्च

आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि तशीच बाहेर पडून बागेत जाऊन बसले. मला माफ कर. मी हेच काम करते. 'एक सप्टेंबरपासून एकही मेल गेली नाही' असं मी स्वतः तुला लिहिलं, आणि त्याच मेलमध्ये खाली तुला शहाणपण शिकवलं, की तुला लिहिल्यासारखं वाटत असेल. दोन्ही गोष्टी एका पानावर होत्या आणि मला दिसल्या नाहीत. बाबा 'पत्र' म्हणाले की कागदच, हे आमच्या घरात इतकं मुरलंय की मेलच्या खात्यात कुणी डोकावूनही पाहिलं नसतं. मी मनातून त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. तुझ्यावर नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

आता तुला एक सांगते, जे आजवर सांगितलं नव्हतं. ऑपरेशननंतर बाबा शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी होती. ती काढल्यावर पाणी मागतील असं नर्सला वाटलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ठकूचं काही आलं?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही. तुला सांगितलं तर तुला दोष दिल्यासारखं होईल म्हणून मी गप्प बसले.

पाठव. पुन्हा टाइप करू नकोस, एक अक्षर बदलू नकोस. रांगेतली आहे तीच जाऊ दे. मेल लिहिल्याची तारीख तिच्यावर कोरलेली असते आणि पोचल्याची वेगळी पडते, पाकिटावरच्या दोन शिक्क्यांसारखी. ते बाबांना मी शिकवायची गरज नाही. मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. माझं सांगणं हे माझं सांगणं होईल. ते पत्रावर विश्वास ठेवतात.

कसं करायचं ते लिहिते. रांगेच्या पानावर प्रत्येक मेलच्या डावीकडे छोटा चौकोन आहे. सगळे निवड, फक्त सतराव्यावरची खूण काढ, मग 'निवडलेल्या पुसा'. एकच उरेल. त्यानंतर नवं नाव, ५८७, सुरक्षित 'हो', नवा पासवर्ड, आणि 'जतन करा'. मशीन पंधरा मिनिटांत स्वतःच दार ठोठावेल. या वेळी ते उघडेल.

आणि चिटणिसांना किल्ली सापडली म्हणून सांग.

बबडी

---

२९ मार्च

बबडे,

ही माझी तुला पहिली ईमेल. म्हणजे आपलं मशीन चालू आहे हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझं सगळं ऐकलं, एक सोडून. चौकोनावर चौकोन निवडत गेले आणि 'निवडलेल्या पुसा'वर आले, तेव्हा समोर जावक नोंदवह्या उघड्या होत्या. माझ्या मनात आलं, चारशे सतरा गेलं आणि बाकीची गेली नाहीत, मग या वह्या काय म्हणून सोपवू? माझ्या भावाच्या वेळी मी खरं लिहिलं आणि सभासदांच्या वेळी खोटं, असं होईल. या सगळ्या ओळींवर माझीच सही आहे. मी सगळ्या खुणा काढल्या.

फक्त सात मेल पुसल्या. ते सात सभासद आता हयात नाहीत. त्यांच्या घरी 'पुस्तक परत करा' म्हणून निरोप जाणं बरं नव्हे. वहीत त्या सात ओळींपुढे लाल शाईने 'रद्द' लिहून सही केली. बाकी एक हजार नऊशे पाच काल दुपारी तीन वाजता गेल्या. मी स्टुलावर बसून रांग कमी होताना बघत होते. सतरावी जाताना काही विशेष झालं नाही. नुसती ओळ नाहीशी झाली. मी मात्र वहीतल्या तिच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते.

तुझ्या भाकितात चूक नव्हती. आज सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर नऊ माणसं. कुणी हसतंय, कुणी तणतणतंय. एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वीच्या सूचनेला घाबरून अकरा पुस्तकं घेऊन आले. त्यांतली चार आमची नव्हतीच. चिटणिसांनी डोक्याला हात लावला आणि मग स्वतःच काउंटरवर बसून पुस्तकं जमा करून घ्यायला लागले. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही खरंच सगळ्या पाठवल्या होत्या हो." एवढ्यासाठी मी तुला पहिलं पत्र लिहिलं होतं. ते ऐकून बरं वाटलं, पण मन काही तिकडे नव्हतं.

दादाने मेल पाहिली का? हे विचारणार नव्हते. विचारलं.

आत्या

---

३० मार्च

आत्या,

पाहिली. अठ्ठावीसला त्यांनी खातं उघडलंच नाही. काल संध्याकाळी हॉस्पिटलच्या तपासणीची तारीख बघायला बसले, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. जेवायला बोलवायला म्हणून डोकावले. चष्मा काढून हातात धरला होता. मला म्हणाले, "लिहिल्याची तारीख मशीन स्वतः घालतं की माणूस?" मी म्हटलं, मशीन. त्यांनी कागद घेतला, दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि किती दिवस होतात ते मोजलं. पुन्हा मोजलं. मग तो कागद खिशात घातला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी उठले तर निळा शर्ट घालून तयार. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, "काम आहे." डबा नको म्हणाले, औषधं मात्र न सांगता घेतली.

उद्या तुझा शेवटचा दिवस. माझी एक विनंती ऐकशील? आवक टेबलावर उद्या दुसऱ्या कुणाला बसवू नकोस. तूच बस.

बबडी

---

३१ मार्च

ठकूस,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाने असं म्हणू नये, पण आता आपल्या दोघांमध्ये मला कुणी नको आहे.

तुझं अठरा सप्टेंबरचं पत्र मी एकोणतीस मार्चला वाचलं. आमच्या खात्यात वाटेत अडकलेलं पत्र सापडलं की त्यावर तसा शेरा मारून ते पोचवायची पद्धत होती, म्हणजे घेणाऱ्याने लिहिणाऱ्याला दोष देऊ नये. मी असे शेरे स्वतःच्या हाताने मारले आहेत. लोकांना सांगायचो, अहो, त्यांनी वेळेवर लिहिलं होतं. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत मी पिशव्या तपासून घेतल्या आणि तिला खोटं ठरवून मोकळा झालो. माझं चुकलं.

आता जे तुला माहीत नाही ते. तू जिन्यात बोललीस ते मला लागलं, कारण तेच मी स्वतःला आधी म्हणून झालो होतो. आईने शेवटच्या मंगळवारी तुझं नाव घेतलं होतं. "ठकूला बोलाव" म्हणाली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली होती. मला वाटलं सुधारते आहे, तुला उगाच रजा टाकायला कशाला लावायची. मी एक दिवस थांबलो आणि बुधवारी रात्री फोन केला. तू गुरुवारी पोचलीस तेव्हा ती गेलेली होती. तो एक दिवस मी तुला कधी सांगितला नाही. तू रागावलीस, तेव्हा त्या रागाआड लपायला मला बरी जागा मिळाली. आता तुला पुन्हा रागवायचं असेल तर रागव. या खेपेला मी पळून जाणार नाही.

ती तुझ्यावर रुसून गेली नाही. तुला बोलावत गेली. हे तुझं होतं आणि मी चार वर्षं ते माझ्याजवळ ठेवून घेतलं.

हे पत्र मी मघाशी टेबलावर ठेवलं तेव्हा तू नोंदवहीत मान घालून बसली होतीस. "ठेवा, क्रमांक टाकते" म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंही नाहीस, म्हणून ते परत उचललं आणि या ओळी इथेच बसून वाढवल्या. तुझे केस सगळे पांढरे झालेत. आधी याला आवक क्रमांक टाक, नाहीतर तुला चैन पडायचं नाही. त्याखाली शेवटची सही कर.

तुझ्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतंस, "दादा, शुद्धीवर आलास की बाकी काही लिहू नकोस, नुसतं आहे म्हणून कळव." त्याचं उत्तर राहिलं होतं.

खिडकीजवळच्या टेबलाकडे बघ. ठकू, आहे.

दादा